तक्त्यात नसलेलं चित्र

१

आमच्या चर्चचं साप्ताहिक पत्रक मी काढते. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी ते कुणाला विसरू देत नाही. पूर्वी हे काम शाईच्या यंत्रावर व्हायचं आणि रविवारी प्रार्थनेला हात जोडले की माझी बोटं जांभळी दिसायची. मग माझ्या धाकट्या भावाने, लाइलने, त्याच्याकडे धूळ खात पडलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर माझ्या तळघरात आणून ठेवला. "घे व्हर्ना, तुझा वेळ जाईल," म्हणाला. वेळ जायला मला कॉम्प्युटर कशाला हवा होता? माझ्या घरी आई होती.

त्या कॉम्प्युटरसोबत छपाईची एक फ्लॉपी होती आणि फ्लॉपीत चित्रं होती. केक, कॉफीचा कप, अस्वल, बदक, मेणबत्ती, बर्फाचा माणूस, टर्की. प्रत्येक चित्राला एक नंबर, आणि कुठल्या नंबराला कुठलं चित्र ते एका पुठ्ठ्याच्या तक्त्यावर छापलेलं. पडद्यावर चित्र दिसत नसे. नंबर टाकायचा, मजकूर टाकायचा, बटण दाबायचं आणि प्रिंटरजवळ जाऊन उभं राहायचं. प्रिंटर किंचाळत किंचाळत वरून खाली ठिपक्यांची एकेक ओळ मारत जाई. शेवटची ओळ उतरेपर्यंत आपण काय मागितलंय ते नक्की कळत नसे. मला मात्र सगळे नंबर पाठ होते आणि त्याची घमेंडही होती.

आईला हळूहळू घर कळेनासं झालं होतं. वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं हे एकमजली लांबलचक घर. मधून आरपार पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. त्यात ती बाथरूम शोधत स्वयंपाकघरात यायची आणि ओशाळून उभी राहायची. लाइल दर रविवारी जेवायला आला की तेच चालू करायचा.

"इथे पारा उणे तीसवर जातो, व्हर्ना. एकदा दार उघडून बाहेर पडली ना, तर सकाळी फावड्याने उकरून काढावी लागेल."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"तू चिडलीस तरी थंडी कमी होणार आहे का? ठरवून टाकू. या हिवाळ्यात एकदा जरी ती बाहेर सापडली, तर वृद्धाश्रम. मी नाव घालून ठेवलंय."

वाचून तिला कळत नव्हतं, पण चित्र कळत होतं. म्हणून मी प्रत्येक दारासाठी पाटी छापली. स्वयंपाकघराला कॉफीचा कप, तिच्या खोलीला अस्वल. बाहेरच्या दोन्ही दारांना बर्फाचा माणूस, म्हणजे तिकडे जायचं नाही. बाथरूमसाठी फ्लॉपीत योग्य असं काहीच नव्हतं, म्हणून बदक. पाट्या चिकटवायला आईच मागे लागली, तेव्हा मी चिकटपट्टीचं रीळ तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती न चुकता सगळीकडे जायला लागली. "बदकाकडे जाऊन येते गं," असं जाताना सांगायचीसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी लाइलला फोन करून ऐकवलं.

२

थँक्सगिव्हिंगच्या आधी चर्चच्या जेवणाची पाटी करत होते. घाईत टर्कीच्या नंबराचा शेवटचा आकडा दोनदा दाबला गेला. एवढा मोठा नंबर तक्त्यात नव्हता. अशा वेळी कॉम्प्युटर 'असं चित्र नाही' म्हणून सांगतो आणि पुन्हा विचारतो. त्या दिवशी त्याने विचारलं नाही. प्रिंटर चालू झाला.

आधी एक आडवी जाड रेघ उतरली. मग तिच्याखाली दोन उभ्या. टर्की नाही एवढं लगेच कळलं, पण अर्ध्यात थांबवलं तर कागद अडकतो, म्हणून उभी राहिले. चौकट उतरली, मूठ उतरली, शेवटी उंबरा. दार होतं ते. जरासं उघडं. फटीत काळे ठिपके गच्च भरलेले. बाकीची चित्रं बाळबोध होती, मुलांच्या पुस्तकातली असावीत तशी. हे कुणीतरी समोर बसून, बघून काढलं होतं.

कंपनीतल्या कुणाचं तरी अर्धवट काम फ्लॉपीत राहून गेलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. कागद फेकवेना. आमच्याकडे चुकलेला कागद फेकत नाहीत, मागच्या कोऱ्या बाजूवर पुढची काही वर्षं निरोप लिहितात. मी तो वर नेऊन फोनजवळच्या टोपलीत टाकला.

सकाळी तो पॅसेजच्या टोकाला भिंतीवर लागलेला होता. तिथे दार नाही. ती घराची शेवटची भिंत. पलीकडे गॅसची टाकी, मग कुंपण, मग शेत.

"आई, हे तू लावलंस?"

"कुणीतरी लावायला हवंच होतं. त्यालाच पाटी नव्हती," ती म्हणाली. तोंडावर इतकं समाधान होतं की काढायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय चिकटपट्टीबरोबर भिंतीचा कागदही निघाला असता. मी म्हटलं, राहू दे.

३

तळघरात माझं टेबल पॅसेजच्या अगदी टोकाखाली आहे. डोक्यावर लाकडी जमीन. वर कोण कुठे आहे ते मला न बघता कळतं. आईच्या सपाता एका विशिष्ट लयीत घासत जातात. कपाजवळ एक फळी करकरते, बदकाजवळ दुसरी.

डिसेंबरातल्या एका दुपारी मी पत्रक जुळवत बसले होते. सपाता स्वयंपाकघरातून निघाल्या. बदकाची फळी करकरली. आता पाणी सोडल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहिली. सपाता थांबल्या नाहीत. अस्वल मागे पडलं. माझ्या डोक्यावर आल्या. आता ती भिंतीशी जाऊन वळेल.

वळली नाही. सपाता माझ्या डोक्यावरून पुढे गेल्या, तळघराच्या दगडी भिंतीवर गेल्या, तिच्या पलीकडे गेल्या. घर जिथे संपतं त्याच्याही पुढे त्या त्याच लयीत लाकडावर घासत राहिल्या आणि दूर होत होत ऐकू येईनाशा झाल्या.

माझी पाचावर धारण बसली. जिना कसा चढले आठवत नाही. दोन्ही बाहेरची दारं आतून कडी लावलेली. खिडकीतून पाहिलं तर टाकीभोवतीचा बर्फ जसाच्या तसा, सशाचंसुद्धा पाऊल नाही. हाका मारत मागे वळले, तर आई पॅसेजमध्ये उभी.

"कुठे गेली होतीस?"

"त्या खोलीत."

"कुठल्या खोलीत, आई?"

तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "अगं, तुझ्याच घरातली खोली. बसायला काही नाही तिथे. तुझ्या बाबांनी खुर्च्या ठेवायला हव्या होत्या."

मी तिचे हात हातात घेतले. ते दाराच्या लोखंडी मुठीइतके गार होते आणि बोटांची टोकं काळी झाली होती. मी हुंगून पाहिलं. प्रिंटरच्या रिबनची शाई. ती तळघरात कधीच उतरत नसे, जिन्याला तर मी कुलूप घालायची.

थंड घरात आवाज फसवे येतात, पाइपांतून फिरतात, हे मला माहीत होतं. रिबनची शाई माझ्याच हाताला असेल, तिच्या हाताला लागली असेल. हे सगळं मी स्वतःला दोनदा समजावलं आणि त्या रात्री तिच्या दाराला बाहेरून खुर्ची लावली.

४

रविवारी लाइलला सांगितलं. सगळं नाही, आवाजापुरतं.

तो लेफ्सेवर, बटाट्याच्या त्या पातळ पोळीवर, लोणी फासत हसला. "टाकीवरून चालत गेली म्हणतेस? एक्क्याऐंशी वर्षांची बाई? मग तिला सर्कशीतच घालू, वृद्धाश्रम कशाला!"

"मी चेष्टा करत नाहीये."

त्याने हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "व्हर्ना, तू शेवटची पूर्ण रात्र कधी झोपलीस? खरं सांग."

मी त्याला हाताला धरून पॅसेजच्या टोकाला नेलं. त्याने चित्र पाहिलं, भिंतीवर ठोकून पाहिलं. भरीव आवाज आला. मग त्याने तो कागद फर्रकन ओढून काढला, भिंतीच्या कागदाचे चार तुकडे त्याच्याबरोबर आले, आणि त्याचा बोळा करून शेगडीत टाकला. "झालं? गेलं तुझं दार."

आई टेबलाशी बसून आमच्याकडे बघत होती. "आता मी परत कशी येणार?" तिने विचारलं. लाइल म्हणाला, "तू इथेच आहेस की, आई." कॉफी थंड होऊ दिली तिने.

निघताना लाइल दारात थांबला. "इस्टरपर्यंत वाट बघायची नाही मला. जानेवारीत जागा होतेय वृद्धाश्रमात." मी त्याच्या तोंडावर दार लावलं आणि तडक खाली जाऊन तोच चुकीचा नंबर तसाच टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, असं चित्र नाही. पुन्हा टाकला. असं चित्र नाही.

५

ते घडलं तेव्हा दुपार होती आणि लख्ख ऊन होतं. चर्चला मोठा फलक हवा होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. फलक छापताना अक्षरं आडवी पडतात आणि प्रिंटर अर्धा तास ओरडत राहतो. त्या आवाजात वरचं काही ऐकू येत नाही. आई झोपली होती, मी बघून आले होते.

फलक संपला. प्रिंटर थांबला. आणि डोक्यावर सपाता ऐकू आल्या, टोकाकडे निघालेल्या.

या वेळी मी धावले. जिन्याचं दार ढकलून पॅसेजमध्ये आले, तेव्हा तो रिकामा नव्हता. टोकाला, भिंतीशी, आईच्या निळ्या झग्याची कड दिसली आणि एक टाच. कोपऱ्यावरून वळणाऱ्या माणसाचं शेवटी जेवढं दिसतं, तेवढंच. तिथे कोपरा नाही. माझी पापणी लवली आणि समोर भिंत होती, कागद फाटल्याच्या चार पांढऱ्या खुणा असलेली.

मी भिंतीवर मुठी आपटल्या. "आई! आई!" भिंत बर्फासारखी गार होती. मग फोनपर्यंत गेले आणि लाइलला म्हटलं, आई सापडत नाही. तो दहा मिनिटांत आला. शिव्या देत त्याने घराला फेरा घातला, कमरेएवढ्या बर्फातून टाकीपर्यंत गेला. तिथली एकुलती एक पावलं त्याची स्वतःची होती.

तो आत आला, बूट झटकायला लागला, आणि स्वयंपाकघरातून कॉफीच्या भांड्याचं झाकण वाजलं.

आई शेगडीपाशी उभी होती. तीन कप मांडलेले. "बूट बाहेर काढ लाइल," ती म्हणाली. "तुझी आई अजून जिवंत आहे, फरशी पुसायला मोलकरीण नाही ठेवलेली."

वर्षभरात तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. लाइल तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडला.

६

खोटं कशाला बोलू, मीही रडले. देवाकडे जे मागितलं होतं तेच मिळालं होतं. ती वर्तमानपत्र वाचायची. ओव्हनमध्ये आमची नेहमीची हॉटडिश करायची. चर्चमध्ये भजनांचे शब्द न बघता म्हणायची आणि बाहेर आल्यावर पाद्रींना त्यांच्या आजोबांच्या गोष्टी सांगायची. नव्या गोळ्या लागू पडल्या असतील, असे चमत्कार कधी कधी दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. लाइलने वृद्धाश्रमातलं नाव काढून टाकलं.

"हे कागद काढ आता," एका रविवारी तिने मला सांगितलं. "घर आहे की बालवाडी?" लाइल हसून हसून बेजार झाला. तिने स्वतःच बदक काढलं, मग कप, मग अस्वल. बर्फाची माणसं सगळ्यात आधी काढली होती.

ती मला शिवायला लागली की मी अंग चोरते, हे माझ्या लक्षात यायला दिवस गेले. कारण सापडत नव्हतं. ती प्रेमळ होती. मग एका सकाळी ती खिडकीशी बसून माझ्या स्वेटरला बटण लावत होती आणि मी दोरा ओवून द्यायला वाकले. ऊन तिच्या गालावर तिरपं पडलं होतं. हनुवटीखाली सावली होती. सावली हळूहळू गडद होत जाते ना, तशी ती होत नव्हती. ती सुटी सुटी होती. बारीक काळे ठिपके, आणि मधे काहीच नाही.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावेपर्यंत तिने मान वळवली होती. "काय गं? भूत पाहिलंस?" ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

म्हातारपणाचे डाग असतात. माझा चष्मा जुना आहे. मी तळघरात गेले आणि जरा शांत बसावं म्हणून कॉम्प्युटरसुद्धा चालू केला नाही. वर, स्वयंपाकघरात, ती इकडून तिकडे फिरत होती. भांडी वाजत होती, नळ वाजत होता.

आणि त्याच वेळी तळघराच्या दगडी भिंतीपलीकडे, वरच्या अंगाला, दुसऱ्या सपाता घासत होत्या. थोडं जायच्या, थांबायच्या, मागे यायच्या. दार सापडत नसलेल्या माणसासारख्या.

७

मी वर जाऊन त्या भिंतीला कान लावला.

"व्हर्ना?" आवाज लांबून आला, पण आईचाच. जुन्या आईचा, ओशाळलेला. "अगं, बदक कुठंय? कधीची शोधतेय मी."

मी खाली गेले, बदक छापलं आणि भिंतीवर उलटं चिकटवलं. चित्राची बाजू भिंतीकडे, म्हणजे पलीकडून तिला दिसावं.

मग ती म्हणाली, "हां, दिसलं. पण दार कुठंय गं याचं?"

तो नंबर मी इतक्या वेळा टाकला की कळांवरचे आकडे पुसट झाले. मग या प्रोग्रॅममध्ये ठिपका ठिपका जोडून स्वतःचं चित्र काढता येतं, ते काढायला बसले. चौकट जमली. मूठ जमली. फट जमेना. कितीही ठिपके पुसले तरी छापून आलेलं दार बंदच दिसायचं. मी प्रत्येक कागद नेऊन लावत राहिले. पलीकडे सपाता यायच्या, थांबायच्या, आणि हलक्या हाताने कुणी कागद चाचपावा तशी भिंत खरखरायची.

लाइलला बोलावून ऐकवायचा प्रयत्न केला. तो कान लावून उभा राहिला, पण भिंतीकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या नजरेसमोर भिंतभर उलटे कागद होते आणि माझे शाईने भरलेले हात होते. त्याचे डोळे आईकडे बघताना असायचे तसे झाले.

"किती दिवसांपासून चाललंय हे?" त्याने हळूच विचारलं. मला नाही, तिला.

"तिला रागावू नकोस रे," ती म्हणाली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. हात उबदार नव्हता आणि गारही नव्हता. "आजीचंही असंच झालं होतं. मी आहे ना. मी सांभाळीन हिला."

"मागच्या वेळी, तुझ्या बाबतीत, मी घाई केली," लाइल म्हणाला. "या वेळी करणार नाही. पण तळघराला कुलूप लाव, आई. किल्ली तुझ्याकडे ठेव."

आता कॉम्प्युटर नाही. मी दुपारी पॅसेजच्या टोकाला जमिनीवर बसते, ती स्वयंपाकघरात असते तेव्हा. पलीकडचा आवाज बदलत चाललाय. आधी तिने बदक विचारायचं सोडलं. मग माझं नाव. काल ती बराच वेळ नुसती गुणगुणत होती, आणि मधेच थांबली.

"कुणी आहे का?" तिने विचारलं. परक्या घरी आल्यावर विचारतात तसं, अदबीने.

मी भिंतीला ओठ लावले. "आहे गं, आई. मी आहे. इथेच आहे."

पलीकडे काहीच हललं नाही. माझ्या पाठीमागे स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"आले हं, बाळा," तिथून उत्तर आलं, आणि सपाता पॅसेजमधून माझ्याकडे यायला लागल्या.